नऊ सेकंदांच्या पुढचं

आवाज जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही, एवढंच झालं. नऊ सेकंदांचा तुकडा होता तो. "मला... जरा... वर घ्या," असं माझे वडील अडखळत म्हणतात आणि संपतं. घरी माझ्या कॉम्प्युटरवर तो पन्नास वेळा नवव्या सेकंदाला संपला होता, ऑफिसात साहेबांसमोर संपला होता. हॉस्पिटलच्या त्या सभागृहात मी पडद्यावरच्या स्पीकरच्या चित्राशी बाण नेला, क्लिक केलं, समोर ब्याण्णव नर्स माना तिरक्या करून ऐकत होत्या, आणि दहावा सेकंद उजाडला. दहाव्या सेकंदाला माझा आवाज आला. "हं. पण 'वर' नीट आलं नाही, अण्णा. परत म्हणा."

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे हा काय प्रकार आहे ते कळेल. लोक आम्हाला रटाळ कागद आणून देतात आणि आम्ही त्यांच्या स्लाइड्स करून देतो. ऑफिसात मला फिरकीवाला म्हणतात, कारण सुरुवातीच्या काळात माझी अक्षरं गरागरा फिरत पडद्यावर यायची. मला त्याचा अभिमान होता, काय सांगू! मग फिरकीचे दिवस गेले. मग व्हिडिओ आले, चित्राला हात लावला की बोलणारे आवाज आले, समोरच्या माणसांनी आपापल्या फोनवरून उत्तर द्यायचं आणि पडद्यावर रंगीत पट्ट्या सरसर वाढायच्या असले खेळ आले, आणि प्रत्येक खेळ मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी शिकलो. पन्नाशी उलटल्यावर माणसाला तेवढाच एक डाव उरतो. या हॉस्पिटलला हवं होतं नर्सना शिकवायला, की झटका येऊन ज्याची वाचा अडखळते अशा रुग्णाचं ऐकायचं कसं. साहेब म्हणाले, "नुसते मुद्दे नकोत. बोलतं काहीतरी पाहिजे. एखादा नट बघा." आणि मी म्हणालो, "नट कशाला, साहेब? घरी आहेत की वडील." साहेबांनी टेबलावरच्या पिनांच्या डबीकडे पाहिलं. त्यांना कसंतरीच झालं असणार. मला नाही झालं. मला वाटलं, काय नामी सुचलं.

सभागृहात आवाज चालूच होता. "मला... वर..." "'जरा' राहिलं." "मला... जरा..." मग खोकला. मग माझा आवाज, खेळीमेळीचा, पाहुण्यांशी बोलावं तसा. "घाई नाही, घाई नाही. सावकाश. पण पूर्ण." माझ्या हातात पुढची स्लाइड आणायचं ते छोटं बटण होतं. मी ते दाबलं. स्लाइड गेली, आवाज गेला नाही. कारण 'पुढच्या स्लाइड्सवरही आवाज चालू ठेवा' या चौकोनात मीच खूण केली होती; माझी कल्पना अशी होती की अण्णांचं ते वाक्य विरत जाईल आणि त्यावर पहिला मुद्दा हळूच उमटेल. मुद्दा उमटला. 'रुग्णाला घाई करू नका.' मी पुन्हा दाबलं. 'त्याच्या नजरेच्या पातळीवर या.' पुन्हा. 'त्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्या.' आणि वरून स्पीकरमधून मी म्हणत होतो, "'घे' नाही, अण्णा, 'घ्या'. मी नर्स आहे असं समजा." पुढची स्लाइड प्रश्नाची होती. 'रुग्णाशी बोलताना सर्वांत महत्त्वाचं काय? एका शब्दात लिहा.' फोनवरून शब्द यायचे आणि जो जास्त वेळा येईल तो मोठा व्हायचा, असा तो खेळ. कुणीतरी सवयीनं 'धीर' लिहून पाठवलं. मग कुणीच काही पाठवलं नाही. तो एकटा शब्द पडद्याच्या मधोमध निळ्या रंगात हलकेच डुलत राहिला, आणि त्याला तसं डुलायलाही मीच लावलं होतं.

असं का झालं ते मला पहिल्या दोन सेकंदांत कळलं होतं, हे विशेष. आवाज कापायला दोन खुंट्या असतात, एक हिरवी, एक लाल. हिरवी खुंटी सुरुवातीला लावायची, लाल शेवटाला. लाल खुंटीच्या पलीकडचं मग ऐकू येत नाही. पण ते असतं. फाइलच्या पोटात जसंच्या तसं पडून असतं, आणि कायमचं काढून टाकायचं तर एक वेगळं बटण दाबावं लागतं. ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो, वर दम भरतो, "कापलं म्हणजे गेलं असं समजू नका." सभागृहातल्या कॉम्प्युटरवर जुनाट प्रोग्रॅम होता, त्याला खुंट्या ओळखताच आल्या नाहीत. अण्णा शिंपी होते. दुकानात पाटाखाली त्यांचं एक पोतं असायचं, कापलेल्या चिंध्यांचं. आई म्हणायची, अहो फेका ते. अण्णा म्हणायचे, राहू दे गं, कुणाचं काय कापलंय ते माहीत असलेलं बरं. लोकांना शिकवून शहाणं करणारा मी, माझ्याच फाइलमधलं ते बटण दाबायचं विसरलो. की विसरलो नाही? कधीकधी वाटतं, ते बटण दाबायचं म्हणजे राहिलेल्या भागावर आधी नजर टाकावी लागते, आणि मला तेच नको होतं.

त्या रविवारी घरी दुसरं कुणी नव्हतं. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती, दिवसभर अण्णांना बघणाऱ्या मावशींची सुट्टी होती. दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो तर ते पलंगावर घसरून खाली आले होते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना सांगायला नको. उशी वर राहते, माणूस खाली सरकतो, हनुवटी छातीत रुतते आणि मान अशी मुडपते की बघणाऱ्याची दुखावी. त्यांना उचलून वर सरकवायला मला अर्धं मिनिट लागतं. एका हाताने काखेत धरायचं, दुसरा कमरेखाली, एक, दोन, तीन, हूं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली, की हेच! हेच पाहिजे! नाटकी नाही, खरं. मी म्हणालो, "थांबा अण्णा, थांबा. 'मला जरा वर घ्या' असं म्हणा." खिशातून फोन काढला, चालू केला, त्यांच्या तोंडाजवळ धरला. "हं. आता म्हणा."

पुढे जे झालं ते मी मनात 'दोन-तीनदा घेतलं' असं नोंदवून ठेवलं होतं. बायकोनं तो नऊ सेकंदांचा तुकडा ऐकून विचारलं होतं, "किती गोड बोललेत अण्णा! एकदाच घेतलंस?" मी म्हणालो होतो, "हो, एकदाच." खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंही नाही. कारण शेवटी वापरलं होतं ते पहिलंच! बारा वेळा म्हणायला लावून, बाराही ऐकून, मी पहिलंच निवडलं होतं. पहिल्यात 'वर' चांगलं ऐकू येत होतं. आधीपासूनच येत होतं. म्हणजे उरलेल्या अकरा वेळा तो माणूस मुडपलेल्या मानेनं जे बोलला त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता, आणि ते आता ब्याण्णव माणसं ऐकत होती. मीही नीट ऐकत होतो ते पहिल्यांदाच. रेकॉर्ड करताना मी अण्णांना ऐकत नव्हतो, 'वर' ऐकत होतो.

"मान... दुखते," अण्णा म्हणाले, स्पीकरमधून, सभागृहभर. हे वाक्य मी पार विसरून गेलो होतो. आणि त्यावर मी हसलो. वाईट नव्हतं हसणं, खरंच सांगतो, लाडीगोडीचं होतं, लहान मुलाला दामटताना हसतात तसं. रागावलो असतो तर बरं झालं असतं. रागाला माणसं समजून घेतात. "हो हो, घेतो ना वर. आधी एकदा नीट म्हणा, मग लगेच घेतो." त्यानंतर कुणी बोलत नाही आणि नुसता एक घासल्याचा आवाज येतो, खर्र, थांबून पुन्हा खर्र. कुणा बाहेरच्याला तो कळला नसता. अण्णा चांगल्या पायाची टाच चादरीवर रेटत होते, स्वतःच स्वतःला वर ढकलायला. पहिल्या रांगेत एक थोराड नर्स बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवरून वीतभर उचलले गेले, एक काखेत घालावा तसा, एक कमरेखाली, आणि तसेच हवेत राहिले. मग तिच्याच ते लक्षात आलं आणि तिनं हात खाली घेतले. मी तिच्याकडे बघायचं थांबवू शकलो नाही. वायर कुठली ओढायची मला ठाऊक होतं, ती माझ्या पायापाशी होती. पण मी जागचा हललो नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ना, त्यात हातपाय हलत नाहीत हे त्या दिवशी कळलं.

शेवटी मेट्रन उठल्या. पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई, सकाळपासून कोपऱ्यात बसून लिहून घेत होत्या. घाई न करता पायऱ्या चढून आल्या आणि भिंतीवरचं आवाजाचं बटण फिरवून बंद केलं. म्हणाल्या, "चला, पंधरा मिनिटं पाय मोकळे करू." खुर्च्यांचा खडखडाट झाला. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळू विचारलं, "तो मुलाचा आवाज होता, तो कुणी नट होता का हो?" निसटायला त्यांनी पायरी ठेवली आणि मी त्यावर पाय दिला. "हो," मी म्हणालो, "ओळखीतला आहे एक. नाटकात कामं करतो." "चांगलं केलं त्यानं," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "हो ना. म्हटलं, दुसरी बाजूही दाखवावी."

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ. पण सगळे परत येऊन बसल्यावर मी माइक हातात घेतला आणि माझ्या प्रशिक्षकाच्या आवाजात, त्याच, पाहुण्यांशी बोलावं तशा आवाजात म्हणालो, "मघाशी जे ऐकलंत ते मुद्दाम ठेवलं होतं. आपल्या हातून नकळत काय होतं ते कळावं म्हणून." मग मेट्रननी टाळी वाजवली. मग त्या थोराड नर्सनं, मग सगळ्यांनी. चांगल्या भरघोस टाळ्या होत्या. मी मान झुकवली, आणि देवाशपथ, त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. पुढचा तास बिनबोभाट पार पडला, पट्ट्या वाढल्या, शब्द डुलले. निघताना फोनवर साहेबांचा निरोप होता, 'हॉस्पिटल जाम खूश. उद्याच्या बॅचलाही नटाचं ते ठेवा.'

बाहेर दुपारचं कोरडं ऊन होतं. मी बसथांब्यावर उभा राहिलो नाही, चालत सुटलो. एका गाद्यांच्या दुकानाबाहेर एक पलंग मांडून ठेवला होता, डोक्याकडची बाजू किल्लीनं वर होणारा, आणि दुकानदार कुणा जोडप्याला ती किल्ली फिरवून दाखवत होता. वर, खाली, वर. मला अण्णांचं दुकान आठवलं. मापं द्यायला येणारी माणसं किती अडखळायची! पोट सुटलेलं, खांदा पडका, एक हात आखूड; सांगायचं असायचं आणि सांगता यायचं नाही. अण्णा गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरून खाली कापडाकडे बघत उभे राहायचे. मी एकदा विचारलं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे का बघत नाही? म्हणाले, "अडलेल्याच्या तोंडाकडे बघू नये रे. बघितलं की त्याला घाई होते." आणि मी स्लाइडवर लिहून आलो होतो की नजरेच्या पातळीवर या. ते कुठल्याशा साइटवरून उचललं होतं. घरात जे होतं ते मी विचारलंच नाही. घरातून मी फक्त आवाज घेतला, तोही कच्चा माल म्हणून. ज्यानं आयुष्यात कुणाला घाई केली नाही त्याला मी बारा वेळा म्हणायला लावलं, आणि वर त्याच्या नावानं टाळ्या घेतल्या, त्याच्या नव्हे, एका नसलेल्या नटाच्या नावानं. उद्या परत तेच, दुसऱ्या बॅचसमोर. दर वेळी नट असंच करेल आणि दर वेळी मी बाजूला उभा राहून 'बघा हं, असं करू नये' म्हणेन. मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मेट्रनना फोन लावला.

"मॅडम, मी सकाळचा... स्लाइड्सवाला."

"बोला."

"तो नट नव्हता."

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, चाकं कुरकुरत लांब गेली. "माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"अहो, सकाळभर तुमचाच आवाज ऐकत होतो आम्ही. 'घाई नाही, घाई नाही, सावकाश' असं आम्हालाही तुम्ही पाच-सहा वेळा म्हणालात. सगळ्यांना कळलं. आमचं कामच आहे ते."

सगळ्यांना! म्हणजे मी माइक घेऊन 'मुद्दाम ठेवलं होतं' म्हणालो तेव्हा ब्याण्णव माणसं, ब्याण्णव, माझ्याकडे बघत होती आणि त्यांना सगळं माहीत होतं. "मग टाळ्या का वाजवल्यात?" मी विचारलं. माझा आवाज चिरका निघाला.

"तुम्ही तिथे उभे होतात ना एकटे," त्या म्हणाल्या. "मग काय करायचं? पायऱ्या चढताना पडणाऱ्याला धरतो की नाही? तसंच." मग म्हणाल्या, "आम्ही काही धुतल्या तांदळाच्या नाही. दिवसाला दहा वेळा होतं आमच्याकडून, फक्त कुणी रेकॉर्ड करत नाही."

"माफ करा मला," मी म्हणालो.

"मला काय म्हणताय? माझी मान दुखत नव्हती." हे त्या रागावून नाही म्हणाल्या, एखाद्याला वॉर्डाचा रस्ता सांगावा तसं म्हणाल्या. "घरी गेलात का अजून?"

घरी गेलो. मला बघून मावशींनी चपला घातल्या, म्हणाल्या, "आज शहाण्यासारखं जेवलेत. लवकर आलात ते?" मी काहीतरी पुटपुटलो. त्या गेल्यावर दार लावलं आणि बराच वेळ दाराशीच उभा राहिलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो. अण्णा, माझं चुकलं. अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला. अण्णा, मला लाज वाटते. माझ्यासारखा बोलबच्चन, शंभर माणसांपुढे न अडखळता बोलणारा, आणि मला त्यातलं एकही वाक्य शेवटपर्यंत नेता येईना. अण्णा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ताठ बसले होते, मावशींनी दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलेलं होतं. मला बघून त्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या रविवारचं..." आणि अडकलो. अण्णांनी घाई केली नाही. मग मी तेच केलं जे आयुष्यभर करत आलोय, बटण दाबलं. फोनवर ते मूळ रेकॉर्डिंग होतं, पूर्ण, सात मिनिटांचं. म्हटलं, तेच सांगू दे. ऐकतील, चिडतील, चांगल्या हातानं एक ठेवून देतील. दिली तर बरंच. अण्णा ऐकत होते. मान किंचित पुढे, डोळे फोनवर. 'मान दुखते' आलं तेव्हा मला वाटलं फोन खिडकीबाहेर भिरकावून द्यावा. माझं ते हसू आलं. टाच घासल्याचा आवाज आला. त्यांचा चेहरा हलला नाही, फक्त चांगल्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर एकेक करून आवळली. सात मिनिटं आम्ही बापलेक माझं वागणं ऐकत बसलो. शेवटी मी म्हणतो, "राहू द्या, बघू नंतर," आणि संपतं.

अण्णा फोनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "चुक... लं?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा," मी म्हणालो. "चुकलं. फार चुकलं, मी..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, आता. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ओशाळलेपण होतं. दुकानात एखाद्याचा कोट पाठीत धरतोय असं दिसलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा. आपलं काम बिघडलं, माणसाला परत खेप पडली, असा. "परत... म्हणू?" ते म्हणाले.

"नको, अण्णा! तसं नाही! तुमचं नाही चुकलं, अण्णा, ऐका..." पण त्यांचं ठरलं होतं. चांगल्या हातानं त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला, घसा खाकरला. खुर्चीत ते मुळातच ताठ बसलेले होते, कुठेही घसरले नव्हते. मुलासाठी, मुलाच्या कामासाठी, त्यांनी श्वास घेतला आणि म्हटलं.

"मला जरा वर घ्या."

एका दमात. कुठेही न अडखळता, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून असं एकही वाक्य निघालं नव्हतं. म्हणून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, जमलं का म्हणून. आणि आता लपवून काय करू, सांगून टाकतो, माझ्या मनात सगळ्यात आधी विचार आला तो हा, की अरेरे, रेकॉर्डिंग चालू नव्हतं.